माझा अनुभव: सोलापुरात घरच्या टेबलावर चिनी हॉटपॉट

हॉटपॉट म्हटलं की आपल्याकडे चपात्यांचा डबा डोळ्यांपुढे येतो. इथे विषय चिनी हॉटपॉटचा आहे: मधोमध उकळतं भांडं, भोवती कच्चं मटण आणि भाज्या, ज्याचं त्यानं शिजवून खायचं. महागड्या हॉटपॉट हॉटेलांत रस्सा, कापलेलं मटण, चटण्यांचं टेबल सगळं आयतं मिळतं. सिचुआनमधल्या ज्यानयांग शहरात १९९४ साली सुरू झालेलं हायदीलाओ हे त्यातलं मोठं नाव. तोच थाट मी सोलापुरात घरी, सहा जणांसाठी मांडतो. दोन गोष्टी जमल्या की जेवण हॉटेलच्या तोडीचं होतं: मटणाचा पातळ काप आणि न मोडणारी उकळी.

आधी मटण. मेंढीचं घ्यावं. बीजिंगकडच्या हॉटपॉटमध्ये मेंढीच असते, आणि ते बरोबरच आहे. तिच्या मांसात चरबीचे बारीक दोरे असतात, त्यामुळे पातळ काप अर्ध्या मिनिटात शिजूनही मऊ राहतो. बोकडाचं मटण कोरडं, त्याचा काप लगेच चिवट होतो. खाटकाला आधीच सांगायचं, "रानाचा, म्हणजे मांडीचा, अखंड तुकडा, हाड काढून द्या, तुकडे करू नका." नाहीतर सवयीनं सत्तूर चालतो आणि रश्श्याचे तुकडे हातात येतात. माणशी १५० ते २०० ग्रॅम पुरतं.

घरी आणल्यावर वरचा पांढरा पडदा सोलून काढायचा, तुकडा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मनगटाएवढा जाड लोळा करायचा आणि अडीच-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवायचा. दाबल्यावर वरून कडक आणि आत किंचित दबणारा लागला की सुरी घ्यायची. पूर्ण गोठला तर सुरी घसरते आणि बोट कापतं. अशा वेळी तासभर खालच्या कप्प्यात ठेवून वाट बघावी. धाग्यांना आडवं कापायचं, म्हणजे धागे आखूड होतात आणि दाताखाली ओढ लागत नाही. जाडी दीड ते दोन मिलिमीटर. चिनीमातीच्या ताटलीवर काप पसरला की खालच्या नक्षीची सावली दिसावी, तो काप जमला. काप एकेरी मांडायचे. ढीग केला तर ते एकमेकांना चिकटतात आणि भांड्यात गठ्ठाच पडतो.

भांड्याला दोन कप्पे असतात: एकात साधा रस्सा, दुसऱ्यात तिखट. साध्या रश्श्यासाठी किलोभर नळ्या (मज्जा असलेली हाडं) आणायच्या. गार पाण्यात घालून एक उकळी, पाचेक मिनिटं. वर आलेला करडा फेस आणि ते पाणी टाकून द्यायचं, नळ्या धुवायच्या. मग चार लिटर पाणी, ३० ग्रॅम आलं, कांद्याच्या पातीची जुडी, आणि तीन-चार तास. मंद आचेवर ठेवलं तर रस्सा नितळ होतो. खळाखळा उकळत ठेवलं तर चरबी पाण्यात बारीक मिसळून दुधासारखा पांढरा होतो. हॉटेलातला पांढरा रस्सा याच युक्तीचा. मला नितळ आवडतो, मटणाची चव त्यात स्वच्छ कळते. मीठ कमीच घालायचं, कारण रस्सा तासभर आटत राहतो.

तिखट बाजू म्हणजे माला. 'मा' म्हणजे जिभेला येणारी झिणझिण, 'ला' म्हणजे तिखट. ही झिणझिण सिचुआनी मिरीतून येते, आणि ती आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी नातलग आहे, दोन्ही एकाच कुळातली झाडं. मिरी नसेल तर तिरफळ चालतं, पण त्याचा वास उग्र असतो, म्हणून दहा-बारा दाणे बस. आतलं काळं बी काढून टाकायचं, ते दाताखाली वाळूसारखं लागतं. पंधरा बेडगी मिरच्या वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवून जाडसर वाटायच्या. कोरड्या मिरच्या तेलात टाकल्या तर मिनिटभरात करपतात आणि सगळा रस्सा कडू होतो, ते दुरुस्त होत नाही. २०० मिली तेल, वाटलेल्या मिरच्या, तीन मोठे चमचे दोबानज्यांग (आंबवलेल्या ब्रॉड बीन्सची आणि मिरचीची चिनी पेस्ट, ऑनलाइन मिळते), लसूण, आलं, तीन चक्रीफुलं, दालचिनी, दोन मसाला वेलदोडे. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं परतायचं. फसफस कमी होऊन तेल लालभडक सुटलं की शेवटच्या पाच मिनिटांत मिरी किंवा तिरफळ घालायचं आणि मग रस्सा ओतायचा.

भांडं दोन कप्प्यांचं, ३० सेंटीमीटरचं, सपाट बुडाचं. तळाला लोहचुंबक चिकटलं तरच ते इंडक्शनवर चालेल. दोन तृतीयांशच भरायचं. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते, तेव्हा ती १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. साध्या ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावली तर प्लग गरम होऊन प्लास्टिकचा वास येऊ लागतो. पाहुणे जेवत असताना हे घडणं धोक्याचं आहे. आणि हे जेवण डिसेंबर-जानेवारीतच करावं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात उकळत्या भांड्याभोवती तासभर कुणी बसत नाही.

ज्यांना मटण चालत नाही त्यांचं भांडं वेगळंच ठेवा. मधली पत्र्याची भिंत पुरत नाही, शिंतोडे उडतात, झारे इकडचे तिकडे जातात. त्यात मका, लाल भोपळा आणि मशरूमचा रस्सा छान गोड होतो.

बुडवायच्या चटणीसाठी ५० ग्रॅम भाजलेले तीळ दोन चमचे तेलात गंधासारखे वाटायचे. त्यात गरम रस्सा चमच्या-चमच्यानं घालायचा. आधी ते आळून दगडासारखं होतं, घाबरू नका, आणखी दोन चमच्यांनी सैल पडतं. सोया सॉस, व्हिनेगर, लसूण, कोथिंबीर. आणि एक चमचा आपली शेंगा चटणी, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. चिनी हॉटेलांतही कुटलेले शेंगदाणे ठेवलेले असतातच, पण आपल्या चटणीतल्या लसूण-मिरचीची सर त्यांना नाही.

आता खाण्याचा क्रम. सुरुवातीला साध्या बाजूचा रस्सा वाटीभर पिऊन घ्यावा, शेवटी तो खारट झालेला असतो. मग मटण. प्रत्येकाला चहाची स्टीलची गाळणी द्या, त्यात दोन-तीनच काप. रंग बदलायला पंधरा-वीस सेकंद पुरतात, मी मात्र पूर्ण अर्धा मिनिट ठेवतो. एका वेळी अर्धी ताटली ओतली की उकळी मोडते, मटण शिजण्याऐवजी कोमट पाण्यात उकडतं आणि राखाडी, रबरी होतं. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते इथेच. चिकन घेतलं तर दोन मिनिटं, आत गुलाबी राहता कामा नये. कोळंबी दोन-तीन मिनिटं, फिश बॉल तरंगायला लागल्यावर आणखी मिनिटभर. कच्च्याचा चिमटा वेगळा, खायचा वेगळा.

टोफू आणि मशरूम मधल्या टप्प्यात. पालक, कोबी साध्या बाजूलाच, कारण पालेभाजी मालाचं सगळं तेल पिऊन बसते. बटाट्याचे काप उशिरा, त्यांच्या पिठुळपणानं रस्सा गढूळ होतो. पातळी उतरली की उकळतं पाणीच घाला, गार नको.

शेवटी नूडल्स टाकतात. त्या तळाला लागतात, म्हणून आच कमी करून सतत हलवत राहायचं. आमच्याकडे मात्र नूडल्स थोड्याच असतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी वाटीत कुस्करायची, वर साध्या बाजूचा दाट झालेला रस्सा, त्यावर अर्धा पळी मालाचं लाल तेल, आणि भाकरीचे कोपरे अजून कुरकुरीत असतानाच खायचं.