फिरतं कुरण : आमची वाटचाल

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. दोन गाळे, तीन वेल्डिंग मशीन, एक कटर आणि आम्ही मिळून सहा माणसं. माझ्या सासऱ्यांनी, आण्णांनी, ते सुरू केलं तेव्हा खिडक्यांचे ग्रिल, गोठ्याची फाटकं आणि उसाच्या ट्रॉलीची दुरुस्ती हेच काम होतं. आजही घर त्याच्यावरच चालतं. पण लांबून पत्ता विचारत लोक येतात ते वेगळ्याच वस्तूसाठी. पाळलेल्या कासवाला अंगणात, उन्हात, गवतावर चरायला सोडायचं, उचलून कुठंही नेता येईल असं कुंपण आम्ही बनवतो. आमच्याकडं त्याचं नाव 'फिरतं कुरण'.

२०१७ च्या दिवाळीनंतर नागाळा पार्कातले एक काका गाळ्यावर आले. म्हणाले, "ताई, तुम्ही कोंबड्यांचा खुराडा करता तसाच एक करून द्या, पण कासवासाठी." मला वाटलं, पाण्याची टाकी हवी असेल. कासव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर विहिरीतलं यायचं, नाहीतर देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं दगडी. आपल्या भाषेत पाण्यातल्याला आणि जमिनीवरच्याला शब्द एकच, त्यामुळं गैरसमजही एकच. काकांचं कासव सल्काटा जातीचं होतं, मूळचं सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या कोरड्या मुलखातलं. ते पोहत नाही. विहिरीत सोडलं तर बुडून मरतं. आणि खातं काय, तर गाईसारखं गवत.

तीन वर्षांचं ते जनावर काचेच्या पेटीत काकडी-टोमॅटोवर वाढलं होतं. पाठ अंगठ्यानं दाबली तर दबत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी काकांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, गवत आणि ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांतला एक भाग कातडीवर पडला की शरीरात डी-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत आणि कवचात मुरतं. खिडकीतून येणारं ऊन अंगाला उबदार लागतं, पण किरणांचा नेमका तो भाग काचेत अडतो. म्हणजे काकांनी पेटी खिडकीत ठेवून जे ऊन दिलं होतं, त्यानं कवचाला काहीच मिळालं नव्हतं. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. काम घ्यायचं हे मी तिथंच ठरवलं.

पहिला पिंजरा आम्ही कोंबड्यांच्या मापानं केला. सहा बाय चार फूट, लोखंडी अँगल, चारी बाजूंनी वेल्डमेश, वर जाळीचं झाकण, कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर. मजबूत होता, आणि बहुतेक सगळ्या बाबतींत चुकीचा.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. कासव चरत नाही, दिवसभर जाळीला नाक लावून पुढं रेटतंय, नाकावर जखम झालीय. मी आमच्या मिस्त्रींना घेऊन गेले. ते तिथं गवतात अर्धा तास उकिडवे बसून नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "वैनी, त्याला भायेरचं दिसतंय. दिसतंय तवर ते थांबायचं न्हाई." कासवाला पलीकडचं दिसलं की मधे जाळी आहे हे त्याच्या लेखी नसतंच. आम्ही खालच्या सव्वा फुटाला आतून पत्रा लावला. तासाभरात ते वळलं आणि चरायला लागलं. हरळी तोडतानाचा तो करकर आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

जाळीचा दुसरा धोका चढण्याचा. जाळीत नखं अडकवून कासव कोपऱ्यात वर चढतं आणि मागच्या मागं उलटं पडतं. उलटं पडलेलं कासव भर उन्हात स्वतःहून सरळ झालं नाही तर काही वेळातच तापून मरू शकतं. आमच्या एका गिऱ्हाइकाकडं ही वेळ अगदी थोडक्यात टळली, आजीबाई वाळवण काढायला बाहेर आल्या म्हणून. तेव्हापासून आमच्या भिंती आतून गुळगुळीत असतात आणि चारही कोपऱ्यांवर आडवी तिकोनी पट्टी असते. ती नको म्हणून कुणी पैसे कमी करायला सांगितले, तरी आम्ही ती काढत नाही.

मग खणणं. त्याच्या मूळ मुलखात हे जनावर उन्हाळ्यात मीटर-मीटर लांब बिळं करून राहतं, ते काकांच्या बागेतल्या भुसभुशीत मातीला काय ऐकणार? एका सकाळी पिंजरा जागेवर आणि कासव जास्वंदीखाली. भिंत जमिनीत पुरली असती तर ती उचलती राहिली नसती. म्हणून भिंतीच्या तळाला आतल्या बाजूनं फूटभर रुंदीची अर्धा इंची जाळी बिजागरीवर लावली. ती गवतावर सपाट पडते, गवत तिच्यातून वर येतं, आणि भिंतीलगत खणायला गेलं की कासव स्वतःच तिच्यावर उभं असतं. जागा बदलताना ती वर दुमडायची. पूर्ण तळाला जाळी लावा असं काही जण सांगतात. आम्ही लावत नाही, कारण मग चरणं जाळीवरून होतं आणि नखं अडकतात.

छपराचा पत्रा एप्रिलमध्ये बदलावा लागला. सावलीसाठी केलेल्या त्या खोपटाखाली हात घातला तर बाहेरच्यापेक्षा आत जास्त भाजत होतं. आता तिथं जाड प्लायचं, वरून पांढरा रंग दिलेलं, दोन्ही बाजूंनी उघडं खोपट असतं, आणि झाकणाच्या अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट. अर्धाच भाग, कारण ऊन आणि सावली यांतलं काय हवं ते कासवाला स्वतः निवडता आलं पाहिजे. झाकण मात्र हवंच. छोट्या पिल्लांना कावळे आणि घारी सोडत नाहीत, मुंगूस आणि भटकी कुत्री आहेतच. आणि झाकण असलं तरी रात्री कासव घरात, हे आम्ही प्रत्येकाला दोनदा सांगतो. रात्री घुशी येतात, लाल मुंग्या येतात.

इतकं सगळं सुधारूनही खरी चूक आम्हाला दीड वर्षानं कळली. तोवर आठ पिंजरे गेले होते. एका रविवारी मी सहज तीन घरी जाऊन आले. तिन्ही घरी पिंजरा जिथं पहिल्या दिवशी ठेवला होता तिथंच. आत मातीचा चौकोन, बाहेर हिरवंगार गवत. कासव पुन्हा आणून टाकलेल्या भाजीवर. मी विचारलं, हलवत का नाही? उत्तर एकच, "उचलत नाही हो, ताई." पिंजऱ्याचं वजन चौतीस किलो होतं. आम्ही उचलायची वस्तू म्हणून विकली होती, आणि घरात दिवसा असणारं माणूस, म्हणजे बहुतेक वेळा सासूबाई नाहीतर शाळकरी पोर, ती उचलू शकत नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जागा रोज बदलणं हाच तर त्या वस्तूचा जीव. रोज बदललं की गवताला फुटायला वेळ मिळतो, लेंड्या एका जागी साठत नाहीत, म्हणून पोटातल्या जंतांचा फेराही मोडतो, आणि मागं राहिलेला चौकोन खत मिळून आधीपेक्षा दाट उगवतो.

दुसऱ्या दिवसापासून नवं डिझाइन. लोखंडी अँगल गेला, ॲल्युमिनियमचा एक इंची चौकोनी पाइप आला. पत्रा गेला, सहा मिलिमीटरची पीव्हीसी फोम शीट आली. एकसंध पेटीऐवजी चार सुट्ट्या भिंती आणि झाकणाचे दोन भाग, खिट्टी ओढली की मोकळे. आण्णा तेव्हा सत्तरीला टेकले होते. मी त्यांना सांगितलं, प्रत्येक भिंत तुम्ही एका हातानं उचलून दहा पावलं न्यायची. जमलं तरच माल बाहेर. आज सहा फुटी भिंत पाच किलोच्या आत आहे. इतकं हलकं झाल्यावर कासव अख्खं कुंपण ढकलत नेईल, म्हणून कोपऱ्यांना दहा मिलिमीटर सळईच्या फूटभर खुंट्या दिल्या. मे महिन्यात मुरमाड जमिनीत त्या शिरत नाहीत. आदल्या संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून ठेवलं की काम होतं.

या बदलात तोटा झाला. ॲल्युमिनियम महाग, आणि आधीच्या आठ जणांना आम्ही मजुरी न घेता जुनं बदलून दिलं. माझे पती तेव्हा नाराज होते, आता नाहीत.

कुंपणासोबत एक कागद देतो. हरळी, मारवेल, तुतीचा पाला, जास्वंदीची पानंफुलं, काटे काढलेलं फड्या निवडुंग चालेल. कणेर, घाणेरी, धोतरा, रुई, गाजरगवत कुंपणाच्या आत येता कामा नये. आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचं गवत कधीच नाही. वडणगे, शिये भागातल्या गिऱ्हाइकांना हे मुद्दाम सांगावं लागतं, शेजारच्या उसात फवारणी झाली की वारा ते अंगणात आणतो. कासव हाताळल्यावर साबणानं हात धुवा, हेही त्यात आहे. साल्मोनेला हा जंतू निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही असू शकतो आणि लहान मुलांना तो भारी पडतो.

पावसाळ्यात आमचं हे काम थांबतं. कोल्हापूरचा जून ते सप्टेंबर हा कोरड्या मुलखातल्या जनावराचा काळच नव्हे. गार चिखलात ते राहिलं की छातीत कफ धरतं. ऑर्डरी दसऱ्यापासून सुरू होतात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फुटांची. शिरोलीजवळ हायवे बंद, आमचा माल अडकलेला. तेव्हा रमणमळ्यातल्या एका ताईंनी कुंपणाच्या भिंती एकेक करून गच्चीवर चढवल्या आणि कासवासाठी तिथंच आडोसा उभा केला. जुना चौतीस किलोचा असता तर तो पाण्यातच राहिला असता.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं देशी कासव घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०१९ मध्ये त्याला साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलं, म्हणजे व्यापाराची आंतरराष्ट्रीय दारंही बंद झाली. तरी वास्तूला शुभ म्हणून ते चोरून विकलं जातं. एकदा एक गृहस्थ मोबाइलवर फोटो घेऊन आले, चांगली मोठी ऑर्डर होती. मी फोटो बघितला, पाणी दिलं आणि वन विभागाचा १९२६ हा नंबर लिहून दिला. ते रागावून गेले. परदेशी जातींसाठीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. तो कागद बघितल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. यात ऑर्डरी जातात. जाऊ देत. रानातून पोत्यात भरून आणलेल्या जनावरासाठी माझ्या मिस्त्रींचे हात राबणार नाहीत.

आणि विकत घ्यायच्या आधीच सांगतो की हे कुंपण कायमचं नाही. सल्काटा पन्नास किलोच्या पुढं जातं, माणसाएवढं जगतं. काकांचं कासव आलं तेव्हा भाकरीएवढं होतं, आता दोन माणसांनी उचलावं लागतं. पाठ दगडासारखी टणक आहे. गेल्या वर्षी त्यांच्या परसात जांभ्या दगडाची दोन फुटी भिंत घालून दिली आणि त्यांचं कुरण एका लहान कासवाच्या घरी गेलं.

मधल्या वयाच्या, दहा-पंधरा किलोच्या कासवांसाठी सध्या आठ बाय सहाचं मोठं कुरण बनवतोय. भिंत जाड लागते, म्हणून वजन वाढतं. परवा नमुना तयार झाला. आण्णांनी आठ फुटी भिंत उचलली, चार पावलं चालले, खाली ठेवली आणि म्हणाले, "अजून दोन किलो काढा." मिस्त्री आज सकाळपासून त्याच्याच मागं आहेत.