कुंभार्ली घाट, गोडसर वास आणि गळकं कूलंट

गुहागर, व्याडेश्वर, मोदक, समुद्र हे सगळं छान झालं आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते परतीच्या, चिपळूण-कराड वाटेवरच्या कुंभार्ली घाटाबद्दल, आणि त्याहून जास्त, बॉनेट उघडं दिसलं की गोळा होणाऱ्या सल्लागारांबद्दल.

पोफळी सोडली की घाटमाथ्यापर्यंत नुसता चढ. पुढे ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरात, इंजिन ओढतंय आणि रेडिएटरला वारा नाही. जुन्या गाडीचं कूलिंग कच्चं असेल तर ते इथेच उघडं पडतं. आधी गळणाऱ्या कूलंटचा (इंजिन आणि रेडिएटरमधून फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याचा) वास येतो, पाकासारखा गोडसर. तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नये. कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि गाडी उकळत असताना काटा खाली येऊ शकतो. वास आला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा फुल. मे महिन्यात मागच्या सीटवरून काय काय ऐकू येतं ते लिहीत नाही, पण इंजिनातली बरीच उष्णता अशी बाहेर पडते.

रुंद जागा बघून थांबलो. लगेच जमलेल्यांची सूचना: "टोपी काढा, गार पाणी ओता, निघा." याचाच मला संताप येतो. आमच्या रेडिएटरच्या टोपीवर ०.९ लिहिलेलं आहे, म्हणजे आत ०.९ बार दाब धरला जातो आणि साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तापलेली टोपी फिरवली की दाब सुटतो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. शिवाय तापलेल्या हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) गार पाणी लागलं तर हेडला तडा जाऊ शकतो. दुसऱ्याने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितलं. बारीक भोक तिने काही वेळ बुजतंही, पण तोच गाळ हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हातात धरवेपर्यंत आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबायचं. पाऊण तास तरी जातोच.

तेवढ्यात गळती शोधता येते. गाडीखालचा थेंब टिश्यूवर घ्या. बिनरंगी, बिनवासाचा असेल तर ते एसीचं पाणी. रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोड वासाचा असेल तर कूलंट. (जिभेवर नको, विषारी आहे. सांडलेलंही पुसून घ्या, कुत्री चाटतात.) थेंब पडतो तिथे गळती असतेच असं नाही. ते पाइपांवरून ओघळत येतं आणि पंख्याच्या वाऱ्याने उडतं. म्हणून ओल सोडून वाळलेला पांढरा-हिरवा थर शोधायचा: होजच्या टोकांना, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे जाळीला जोडलेली असते त्या कडेला, वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाजवळ. पायाखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून तेलकट धुकं असेल तर संशय हीटर कोअरवर, म्हणजे डॅशबोर्डमागच्या हीटरच्या छोट्या रेडिएटरवर.

आमच्या गाडीत थर वरच्या होजच्या क्लिपखाली निघाला. क्लिप सैल करून टोक वाकवल्यावर रबरात केसाएवढी चीर दिसली. थंड असताना ती मिटलेली, दाब आला की उघडते. होजला लांबी होती, म्हणून दोन सेंटिमीटर कापून टोक पुन्हा बसवलं. क्लिप रेडिएटरच्या तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्यावर नाही.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. रिझर्व्ह टँक (जादा कूलंट साठवणारी बाजूची टाकी) मॅक्सच्या वर भरलेला आणि रेडिएटर जवळजवळ लिटरभर रिकामा. म्हणजे गरम होताना बाहेर गेलेलं कूलंट थंड होताना परत ओढलं जात नव्हतं. हा टोपीचा दोष. तिच्या मधली छोटी व्हॉल्व्ह चिकटलेली, रबर कडक झालेलं. जवळच्या बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी भरलं. गाडीचं नाक चढाकडे होतं, ते बरंच झालं, हवा वर येते. टोपी उघडी, हीटर गरमवर, इंजिन चालू. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडला की वरचा होज तापतो आणि पातळी खाली बसते, तेव्हा पुन्हा भरायचं. याच वेळी बुडबुडे थांबायचं नावच घेत नसतील, किंवा टोपी लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा होत असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांमधलं सील) गेलं समजा. आमचे बुडबुडे थांबले.

कोयनानगर, पाटण खिडकीतूनच पाहिलं. कराडला एका गॅरेजात आधी "रेडिएटरच बदला" ऐकलं. दुसरीकडे हातपंपाचा प्रेशर टेस्टर होता: ०.९ बारपर्यंत दाब भरला, पंधरा मिनिटं काटा हलला नाही. म्हणजे रेडिएटर ठणठणीत. नवी टोपी दोन-अडीचशेत आली. दुकानदार १.१ ची देत होता, "जास्त चांगली" म्हणून. जुन्या प्लॅस्टिकच्या टाकीवर तो जादा दाब कशाला? होती तेवढ्याचीच घेतली.

घाटात पाणी घातल्याने कूलंट पातळ झालं होतं, म्हणून पुण्यात ते सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं भरलं. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. आता रिझर्व्ह टँकवर मार्करची रेघ आहे आणि रोज सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, तिच्याकडे बघतो. पातळी रेघेच्या खाली गेली तर पुढचा नंबर वॉटर पंपाचा.