आमची वाटचाल : साम्रदची दरी आणि काजव्यांची झाडे

अकोले तालुक्यातील साम्रद हे आमचे गाव. सांदण या कातळातील अरुंद, खोल दरीचे तोंड गावाजवळच आहे. आमच्या लहानपणी गुरे तिकडे जाऊ नयेत, एवढाच त्या दरीशी आमचा संबंध होता. पुढे मुंबई-पुण्याचे गिर्यारोहक वाट विचारत येऊ लागले, तेव्हा वडील त्यांच्या सोबत जात आणि रात्री ओसरीवर घोंगडी अंथरून देत. या सोबतीचे पैसे घ्यायचे असतात, हे त्यांना बराच काळ पटले नव्हते.

पाहुण्यांना दरी आणि जंगल दाखवण्याचा व्यवसाय मी सुरू केला तेव्हा गावात शंका होती, आणि ती रास्त होती. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाल्यापासून जुन्या माणसांच्या लेखी अभयारण्य म्हणजे चराईवर आणि सरपणावर बंदी. त्याच जंगलात शहरातील माणसे मौजेसाठी फिरणार, हे कोणाला सहज रुचणार होते? दोन तंबू आणि आईच्या हातची भाकरी-पिठले, एवढ्यावर आम्ही उभे राहिलो. दोर, हार्नेस (दोराला जोडायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट आणि दरीच्या कोकणाकडील टप्प्यांवर उतरण्याचे रीतसर प्रशिक्षण नंतर आले. पावसाळ्यात दरीतून पाणी वाहते, त्यामुळे तेव्हा कोणालाही आत नेत नाही; मे महिन्यात वळिवाचे ढग दिसले तरी माघारी फिरतो आणि पैसे परत करतो.

आमची खरी चूक काजव्यांच्या हंगामात झाली. मेअखेरीस, पाऊस तोंडावर आला की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. नर प्रकाशाच्या खुणांनी मादीला साद घालतो. बाहेरचा उजेड त्या खुणा पुसून टाकतो. हे ठाऊक असूनही एका शनिवारी मी दोन बसभर पाहुणे घेतले. बसचे दिवे, मोबाईलच्या बॅटऱ्या आणि आरडाओरडा यांत समोरचे झाड बघता बघता काळे पडले. पैसे चांगले मिळाले, पण परतताना पाहुण्यांशी बोलण्याची लाज वाटली.

त्यानंतर एका रात्री वीसच माणसे नेतो. गाड्या गावातच थांबतात, मोबाईल पिशवीत राहतात, वाटाड्याच्या बॅटरीवर लाल कागद असतो आणि कोणीही पायवाट सोडत नाही, कारण अंडी आणि अळ्या जमिनीवरच्या ओल्या पाचोळ्यात असतात. शहरातील काही एजंटांनी आमच्याकडे माणसे पाठवणे बंद केले आणि दोन हंगाम ओढाताणीत गेले. आता मात्र बहुतेक पाहुणे हे नियम आधी विचारूनच येतात.

आज गावातील आठ तरुण आमच्यासोबत वाटाडे आहेत आणि जेवण घरोघरी पाळीने होते. जुलैत आम्ही सगळे भाताच्या आवणीत असतो. तेव्हा फोन उचलला गेला नाही, तर कृपया अंधार पडल्यावर पुन्हा करावा.