जाळीच्या कपाटाला रंगाचा हात

रविवार, दिवाळीच्या आधीचा

सासूबाईंच्या जाळीच्या कपाटाला आज एकदाचा वरचा हात मारून झाला. खांदे दुखतायत, नखांत रंग गेलाय, घरभर टर्पेंटाइनचा वास आणि नवरा म्हणतोय एवढ्या खटपटीत नवीन आलं असतं. येईल ना, पण ते पार्टिकल बोर्डचं येईल, खालून जरा ओल लागली की फुगणारं.

आधीच्या घरांत दूध, विरजण, उरलेली पोळीभाजी ठेवायला असायचं ना, तेच हे कपाट. तीन बाजूंना बारीक जाळी, पाय पाण्याच्या वाट्यांत म्हणजे मुंग्या चढत नाहीत. फ्रिज आल्यावर ते बाल्कनीत गेलं आणि मग रद्दी, जुनी पायपुसणी, कुणालाच नको असलेलं सगळं त्यात. मला आता त्यात कांदे-बटाटे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवायच्यात, हवा खेळती राहते, कांद्यांना याहून बरी जागा नाही.

आमचे सुतारकाका बघायला आले तेव्हा आधी म्हणाले, वहिनी रंग कशाला फासता, पॉलिश करा, लाकूड दिसलं पाहिजे. मग मागच्या फळीला पटाशीनं जरा खरवडून बघितलं आणि म्हणाले, हां, हे सागवान नाही, देवदार आहे खोक्याचं, मारा बिनधास्त. मला हे फार पटलं. हल्ली पॉलिश म्हणजे खानदानी आणि रंग म्हणजे झाकपाक असं डोक्यात बसलंय लोकांच्या, पण खोक्याच्या फळ्यांचं कपाट मुळात रंगासाठीच बनलेलं असतं, त्यात लाज कसली.

खरी मेहनत रंगाच्या आधीची. स्वयंपाकघरातल्या लाकडावर वर्षानुवर्षांचा तेलकट चिकटा असतो, तो धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं काढला नाही तर वर कितीही भारी रंग मारा, पापुद्रे निघणारच. मग घासणं. ते मी ओल्या वॉटर पेपरनंच (पाणी लावून वापरायचा घासकागद) केलं, मास्क लावून, आणि लेकीला आत पिटाळून, कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, आणि हे कपाट त्याच्या कितीतरी आधीचं. तेव्हा कोरडं घासून ती धूळ घरभर उडवायची नाही म्हणजे नाही.

घासता घासता आधी चॉकलेटी गेला, खालून पोपटी निघाला, त्याखाली आकाशी. सासूबाई खुर्ची घेऊन येऊन बसल्या आणि म्हणाल्या, अगं हा पोपटी वन्संच्या लग्नातला, दारांना मारून उरलेला, आणि आकाशी खिडक्यांचा. चॉकलेटीसुद्धा ग्रिलचा उरलेला! म्हणजे या कपाटासाठी म्हणून रंग कुणी कधी आणलाच नव्हता, डब्याच्या तळाशी जे राहील ते याच्या अंगावर. (माळ्यावर तसा एक डबाही सापडला, त्यावर एशियन पेंट्सचा तो बटा कपाळावर आलेला पोरगा, गट्टू, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला, तर लेक विचारते हा कोण.) मग म्हटलं आता रंग तुम्हीच निवडा, तर दुकानात शेडकार्ड तीनतीनदा उलटंपालटं करून मोरपंखी काढला. मी क्रीम धरून बसले होते. मोरपंखीच छान दिसतोय.

बाकी नेहमीचंच, खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती सुकल्यावर घासली, लाकडाचा प्रायमर, तोही सुकल्यावर १८०च्या पेपरनं हलका फिरवला, मग पातळ पातळ दोन हात. एकच जाड मारला की ओघळ येतात, आणि पावसाळ्यात तर हे काढूच नये, बोट लावलं की चिकटतंय ते चिकटतंयच. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या घालतात पण रंगाला हीच हवा लागते. आतून मात्र रंग नाही मारला, नुसतं घासून पुसून कोरं ठेवलंय, खायच्या वस्तूंना वास नको. गंजलेली जाळी काढून स्टीलची आणलीये, ती रंग पुरता कडक झाल्यावर बसवायची, आत्ता ठोकाठोकी केली तर कडेनं टवके उडतील.

संध्याकाळी फोटो टाकला तर लगेच जाऊबाईंचा फोन, त्यांना म्हणे सासऱ्यांची आरामखुर्ची पांढऱ्या चॉक पेंटनं रंगवायची आहे, रीलमध्ये बघितलंय. ती खुर्ची अस्सल सागवानी आहे हो! मी काही बोलले नाही, सुतारकाकांचा नंबर पाठवून दिला, त्यांच्याकडून ऐकून घेऊ देत.