चेनचा आवाज तिला आधी ऐकू आला

जुनी गाडी घेण्याआधी तपासून देणं हे आता माझं निम्मं काम झालंय. त्यातही युरोपियन जास्त, कारण त्यांना हात लावायला बरेच जण कचरतात, टॉर्क्सचे म्हणजे चांदणीच्या आकाराचे आणि बारा टोकांचे बिट नसतात, आणि नुसती बॅटरी बदलली तरी काही गाड्यांमध्ये ते कॉम्प्युटरला कळवावं लागतं हे माहीत नसतं. मग 'ह्या गाड्या भंगार' म्हणून मोकळे.

त्या दिवशी तिघं आले. एक मुलगी, नुकती नोकरी लागलेली, लायसन्स मिळून चार महिने झालेले. तिचे बाबा. आणि गाडी विकणारे काका, रिटायर्ड, हातात जाडजूड फाईल. गाडी बारा वर्षं जुनी पेट्रोल टर्बो सेडान, जर्मन. कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि तसंही नाव कळून उपयोग नाही, त्या काळात चेनचं हे दुखणं एकाच कंपनीला नव्हतं.

बोलत होते बाबाच. पोरगी पहिलीच गाडी घेतेय, दणकट पत्रा हवा, एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) सगळं हवं, हेवी गाडी म्हणजे सेफ. ह्यात अगदीच चूक नाही. युरोपात 2014 पासून प्रत्येक नव्या गाडीला ईएसपी सक्तीचं झालं, आणि तिथल्या कंपन्या त्याच्या बऱ्याच आधीपासून देत होत्या. पण मी त्यांना टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले, 2316. म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती पण रबर दगड झालेलं. ओल्या रस्त्यावर असला टायर पकड सोडतो तेव्हा ईएसपी तरी काय करणार बिचारं. बाबा गप्प झाले. मुलीने वाकून बाकीच्या तीन टायरचे आकडे स्वतः वाचले, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

बाकी गाडी खरं सांगतो, सुंदर होती. रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर सगळीकडे शंभर ते सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे कुठे ठोकून लांबी (पुटी) भरलेली नाही. मीटरवरचे किलोमीटर आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधले किलोमीटर जुळले. काकांच्या फाईलमध्ये पहिल्या दिवसापासूनची बिलं, तारखेप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर पेनाने किलोमीटर लिहिलेले. अशी फाईल वर्षातून एखादी दिसते.

माझ्या पोऱ्याने स्कॅनर लावला आणि ओरडला, सर, एकदम क्लीन, एकपण कोड नाही!

मला तिथेच खटकलं. कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने करून ठेवलेली बिघाडाची नोंद, आणि बारा वर्षांच्या युरोपियन गाडीत एकही कोड नाही असं सहसा होत नाही. कुठेतरी दाराचा स्विच, कुठेतरी व्होल्टेज एकदा पडलेलं, काहीतरी बारीकसारीक नोंद असतेच. म्हणून मी रेडीनेस मॉनिटर उघडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या चाचण्या चालता चालता स्वतःच घेत असतो. कोड उडवले की त्या चाचण्याही पुसल्या जातात आणि पुन्हा पूर्ण व्हायला वेगवेगळ्या स्पीडला बरंच ड्रायव्हिंग लागतं. इथे चार चाचण्या अपूर्ण होत्या. बॅटरी काढली तरी असं होऊ शकतं म्हणून मी लगेच कुणाला चोर म्हणत नाही. काकांना विचारलं, बॅटरी बदलली का. नाही म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, परवा इंजिनचा दिवा लागला होता, भाच्याने मोबाईलवरून घालवला.

मोबाईलवर कोड वाचायचे-पुसायचे ते ब्लूटूथचे डोंगल आल्यापासून घरोघरी डॉक्टर झालेत. दिवा गेला म्हणजे रोग गेला. आणि भाचे सोडा, आमच्या लाईनीतलेही कितीतरी जण हेच करतात आणि त्याचे पैसे घेतात. नशीब की भाच्याने दिवा घालवायच्या आधी स्क्रीनशॉट काढला होता. काकांनी फोन करून मागवला. पी0016. म्हणजे पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ह्यांचं एकमेकांशी जुळत नाहीये. सेन्सर असू शकतो, ऑइलचा व्हॉल्व्ह असू शकतो, नाहीतर ह्या दोघांना जोडणारी टायमिंग चेन ताणलेली.

इंजिन गरम होतं. गरम इंजिनवर चेन काही बोलत नाही. गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवा, सकाळी इंजिन थंड असताना सुरू करू, असं सांगून सगळ्यांना पाठवलं.

आणि हे कबूल करतो की त्या रात्रीच मी मनात ठरवून टाकलं होतं की पोरीला नाही म्हणायचं. चेन असो नसो. पहिली गाडी म्हणून जुनी युरोपियन घेऊ का असं विचारणाऱ्याला माझं नेहमीचं उत्तर असतं की गाडीचा प्रश्न नाही, तुझ्या कानाचा आहे. ह्या गाड्या एकदम दगा देत नाहीत, आधी सांगतात. थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग तडकायच्या आधी कूलंटचा गोडसर वास येतो, सस्पेन्शनचा रबरी बुश गेला की ब्रेक मारताना टक होतं, ड्राय क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुरकुरतो तो पहिल्या-दुसऱ्यात, हळू ट्रॅफिकमध्ये. पण ज्याने दुसरी गाडीच चालवली नाही त्याला सगळेच आवाज नवीन, त्यातला वाईट कुठला हे कसं कळणार.

सकाळी सगळे हजर. मी लॅपटॉप घेऊन बसलो, पोऱ्याने किल्ली फिरवली, त्याच क्षणी बाबांनी मला काहीतरी विचारलं. इंजिन लागलं, आयडल शांत. मी म्हणालो, छान लागली.

मुलगी मला म्हणाली, काका, सुरुवातीला काहीतरी वाजलं ना? डब्यात खिळे हलवल्यासारखं. लगेच थांबलं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पोऱ्या हसला, त्याला नंतर झापला. गाडी बंद केली, दिवसभर हात लावला नाही, संध्याकाळी बोनेट उघडून बाजूला उभा राहिलो आणि सगळ्यांना गप्प बसवलं. दीड सेकंद. खर्रर्र, आणि बंद. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधलं ऑइल उतरलेलं असतं, प्रेशर येईपर्यंत चेन सैल, म्हणून वाजते. एखाद दिवशी चेन दातांवरून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात आणि इंजिन खलास.

काकांचा चेहरा बघवत नव्हता. फाईल पुढे करून म्हणाले, मी तर एकही सर्व्हिस चुकवली नाही. खरंच चुकवली नव्हती. पुस्तकात लिहिलेल्या लांबलचक अंतरानेच प्रत्येक वेळी ऑइल बदललं होतं, आणि माझ्या मते तिथेच घोळ आहे. युरोपात ते लाँगलाइफ ऑइलचं फॅड आलं, तीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं. टर्बो इंजिनात, बारीक चेनला, इतकं जुनं ऑइल! ज्याने पुस्तक पाळलं त्याचीच चेन गेली. पुस्तक लिहिणाऱ्यांना एकदा माझ्या पिटमध्ये उभं करायला पाहिजे.

मुलीने विचारलं, चेन बदलली तर? मी सांगितलं, किट, गाइड, टेन्शनर, कॅम लॉक करायची खास टुल्स, एकदाच वापरायचे बोल्ट. ती म्हणाली, ते झालं की मग चांगली ना गाडी?

आणि मी हो म्हणालो नाही. म्हणालो, पहिलीच गाडी आहे, साधी काहीतरी बघ. बाबांनी जोरात मान हलवली. ती काही बोलली नाही. निघून गेले.

दोन आठवड्यांनी काकाच परत आले, म्हणाले, असली गाडी मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही, चेन करून टाक. जुनी आणि नवी चेन एका हुकला लटकवली तर जुनी चार-पाच मिलिमीटर लांब भरली. प्लास्टिक गाइडवर चर पडलेली. सगळं नवीन बसवलं, ऑइल बदललं, टायर बदलायला लावले. रेडीनेस पूर्ण होईपर्यंत मी स्वतः चालवली, कोड नाही. काका म्हणाले, त्या पोरीला विचारून बघा ना, तिला आवडली होती.

चावी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नंबर दोन्ही आहेत, बाबांचा आणि तिचा. तिला फोन लावला तर आधीचं उत्तर मागे घ्यावं लागेल, आणि दुसरं काही बिघडलं तर? गिअरबॉक्स चालवणारं मेकॅट्रॉनिक आहे, वॉटर पंप आहे, बारा वर्षांची गाडी आहे शेवटी. नाही लावला तर ही कुणा रील बघून आलेल्याला जाईल, जो गाणी लावून सुरू करेल.

आज सकाळी इंजिन थंड असताना मीच सुरू केली. बोनेट उघडं, कान लावून. काही वाजलं नाही. पण मला त्या दिवशीही काही ऐकू आलं नव्हतं.