कादिझच्या बाजारातला जवळा

कादिझला राहायला येऊन मला दीड वर्ष झालं. स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाचं हे बंदर, तिन्ही बाजूंनी अटलांटिक. लेबनॉनमधल्या टायरहून आलेल्या फिनिशियन दर्यावर्दींनी ते वसवलं, नाव ठेवलं गादिर, म्हणजे कुंपण घातलेली जागा. परंपरेनं इ.स.पू. ११०० सांगतात, खोदकामात सापडलेली घरं इ.स.पू. नवव्या शतकातली आहेत.

ती घरं कळसूत्री बाहुल्यांच्या थिएटरखाली आहेत, नऊ मीटर खोल! दोन गल्ल्या, आठ घरं, मातीच्या भट्ट्या. पण माझे पाय दरवेळी अडतात ते गुरांच्या खुरांच्या ठशांपाशी. काल पाऊस पडला आणि आत्ताच कुणी गाय हाकत नेली, असे ते चिखलात उमटलेत.

इथली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १८८७ साली इथे एक संगमरवरी शवपेटी सापडली, झाकणावर दाढीवाला पुरुष कोरलेली. पेलायो किंतेरो या पुरातत्त्वज्ञाची खात्री होती की हिची जोडीदारीण याच गावात आहे. त्यांनी वर्षानुवर्षं शोधली. १९४६ साली ते गेले. १९८० मध्ये बांधकामासाठी जमीन खणताना बाईची शवपेटी निघाली, आणि ती जागा होती त्यांच्याच जुन्या घराची! आता दोघं संग्रहालयात शेजारी शेजारी आहेत. तिच्या हाताची कोरलेली बोटं बघताना मला प्रत्येक वेळी किंतेरोंसाठी भरून येतं.

आणि बाजार! इथे जवळ्यासारखी बारीक कोळंबी जिवंत विकतात, ढिगातून टणाटण उड्या मारते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मालवणची आठवण येऊन डोळे ओले झाले. तिची 'तोर्तियिता' करतात: थोडं गव्हाचं पीठ, थोडं चक्क बेसन, कांद्याची पात, पार्सली, मीठ. शेजारच्या आजींनी मला शिकवली. आईच्या जवळ्याच्या भज्यांचं पीठ घट्ट असतं. आजी मात्र ते पळीवाढं करतात आणि गरम तेलात पसरून सोडतात, त्यामुळे कड जाळीदार, कुरकुरीत होते.

परवा मी विचारलं, "यात चिमूटभर हळद घालू का?"

आजींनी डबी नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि दुसरं भांडं पुढे सरकवलं. "अर्ध्या पिठात घाल," म्हणाल्या.