शिंजीर: या हंगामापर्यंतची प्रगती

शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी (सनबर्ड), ओळखायला शिकतोय. चकचकीत नराचे फोटो काढणं यंदा जवळजवळ बंद केलं. जांभळा शिंजीर ऐन विणीच्या रंगात असला की पोरंसोरंही ओळखतात. खरा कस माद्यांपाशी लागतो, आणि आता त्या जमू लागल्यात.

माझी पद्धत साधी आहे: आधी गळा बघायचा. गळा राखट-पांढरा आणि त्याखाली छाती पिवळी, तर ती जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी. गळ्यापासून पोटापर्यंत सगळंच फिकट पिवळं असेल, तर जांभळ्या शिंजिराची. पाठीचा रंग मी बघतही नाही, दोघींची मळकटच. पावसाळा सरला की जांभळ्याचा नरही मादीसारखा पिवळा होतो, पण गळ्यापासून पोटाकडे मधोमध एक काळसर पट्टा उतरतो. तो दिसला की काम झालं.

कोकणात लोटेनचा शिंजीर यात भर घालतो. छातीवरच्या तांबूस पट्ट्यावर विसंबू नका. चांगल्या उजेडात जांभळ्याच्या छातीवरही तसा बारीक पट्टा दिसतो. चोच बघा. लोटेनची लांबलचक आणि विळ्यासारखी वाकलेली असते. शिवाय नराचं पोट काळं नसून तपकिरी.

सरावाला बांडगूळ लागलेला आंबा उत्तम. बागाईतदार त्याच्या नावाने बोटं मोडतो, आपण मात्र त्याखाली मुक्काम ठोकावा. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांतला मध प्यायला शिंजीर पुन्हा पुन्हा येतात, परागीभवनही तेच करतात. त्याच्या पिकलेल्या फळांवर फुलटोचे नावाचे छोटे पक्षी येतात, तेव्हा चोच तपासूनच नोंद करा: आखूड आणि जाड असेल तर शिंजीर नव्हे.

आवाजात अजून कच्चा आहे. जांभळ्याचा नर शेंड्यावर बसून ‘चीविट-चीविट’ करतो तेवढं पक्कं झालंय. बाकीच्यांचं बारीक ‘त्सिप’ ऐकून नाव लिहायची हिंमत होत नाही, आणि इतरांनी नुसत्या त्या आवाजावर लिहिलेल्या नोंदींवरही माझा फारसा विश्वास नाही.

पुढचं लक्ष्य विगर्सचा शिंजीर, फक्त पश्चिम घाटातला. नराच्या लालभडक छातीवर पिवळ्या रेघा असतात, त्यामुळे तो सोपा. मादी हिरवट-राखी. तिच्यासाठी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जायचंय. तिथे सध्या बांडगूळ कुठे फुललंय हे कुणी पाहिलं असेल तर सांगा.